बिलाबाहेरचा खर्च
(चेन्नईतल्या मराठी गलाई कुटुंबांच्या बचत मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपण जमलो की बहुतेक वेळा ठेवी, विमा आणि भिशी यांवर बोलतो. आजचा विषयही त्याच वहीतला आहे, फक्त ते पान उघडायला कुणाला आवडत नाही. घरातलं मूल मोठ्या आजारानं दवाखान्यात राहिलं तर पैसा कुठून उभा करायचा, कुणाकडे मागायचा, आणि कोणत्या पैशाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, हे आज पाहू.

तुमच्यातले बरेच जण विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातून सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी इथं आलात. सौकारपेठेत तुमची दुकानं आहेत, मुलं इथल्या शाळेत जातात, तमिळ बोलतात. पण मूल आजारी पडलं की गाव किती लांब आहे ते कळतं. सांगली भागात असता तर आजी रात्री उशाशी बसली असती, मावशीनं डबा आणला असता, धाकट्याला काकूनं सांभाळलं असतं. ती माणसं फुकट करत होती ते काम इथं पैसे मोजून करून घ्यावं लागतं. हा खर्च दवाखान्याच्या बिलात कुठंच दिसत नाही, आणि घर बहुतेक वेळा त्यातच बुडतं.

आधी हिशोब मांडू

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही आपले घाला. समजा मूल ४० दिवस दवाखान्यात आहे. उपचाराचं बिल सरकारी योजनेतून भागलं, म्हणजे बिल शून्य. तरी काय काय लागतं?

जवळच्या लॉजची खोली, दिवसाला ६०० रुपये: २४,००० रुपये.
आईवडिलांचं बाहेरचं जेवण आणि चहा, दिवसाला २५० रुपये: १०,००० रुपये.
रिक्षा, बस, झेरॉक्स, फोन, दिवसाला १५० रुपये: ६,००० रुपये.
वडिलांचा बुडालेला रोज, दिवसाला ७०० रुपये: २८,००० रुपये.

बेरीज ६८,००० रुपये. बिल शून्य असूनसुद्धा.

आता असं धरा की दवाखान्याजवळ मोफत राहायची सोय झाली. २४,००० वाचले. तिथंच जेवण मिळालं किंवा शिधा मिळून आईला रांधता आलं, १०,००० वाचले. घरचं कुणी आलटून पालटून बसलं आणि वडिलांना निम्मे दिवस कामावर जाता आलं, १४,००० परत आले. ४८,००० रुपयांचा भार उतरला आणि २०,००० उरले. वीस हजारांसाठी घर मोडत नाही, अडुसष्ट हजारांसाठी पाटल्या मोडाव्या लागतात.

हा प्रश्न पैशापुरताही राहत नाही. लहान मुलांमध्ये जो रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने जोराचे असतात, मग गोळ्या, तपासण्या आणि फेऱ्या. वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले तर यातली बरीच मुलं बरी होतात. पण आपल्या देशात काही कुटुंबं मध्येच उपचार सोडून गावी परततात. औषध फुकट असलं तरी शहरात राहणं परवडत नाही, हे त्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून दवाखान्याजवळची एक खोली आणि दोन वेळचं अन्न हा उपचाराचाच भाग समजा. ही मदत मागताना लाज वाटू देऊ नका, आणि देताना ती किरकोळ मानू नका.

ही रीत आपल्याला नवी नाही

याच तमिळ भूमीवर मराठी राजानं ही सोय दोनशे वर्षांपूर्वी केली होती. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या राज्यात रामेश्वराच्या वाटेवर छत्रं होती, म्हणजे वाटसरूंना राहायची आणि जेवायची जागा. राज्यकारभार इंग्रजांकडे जाऊ लागला तेव्हा, १८०१ साली, सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था समजावून सांगितली. तिथं आजारी पडलेल्या प्रवाशाला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं जेवण मिळे, गरोदर बाईची काळजी घेतली जाई, आणि आईबाप गमावलेल्या पोरांचा सांभाळ व शिक्षण होई. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यांचंच. त्या काळीसुद्धा आजाऱ्याबरोबर त्याच्या मुक्कामाचाही विचार झाला होता.

चेन्नईतलंच दुसरं उदाहरण अड्यारच्या कर्करोग संस्थेचं. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण कर्करोगानं गेली. त्यांनी महिला संघटनेमार्फत निधी जमवला आणि १९५४ साली १२ खाटांचं छोटं रुग्णालय सुरू झालं. पुढं डॉ. व्ही. शांता यांनी सारं आयुष्य तिथं घालवलं. आज देशभरातून लोक तिथं येतात आणि गरीब रुग्णांवर मोफत किंवा सवलतीत उपचार होतात. ती संस्था देणग्यांवर उभी राहिली हे आपल्यासारख्या लहान बचतदारांनी लक्षात ठेवावं.

मुंबईत परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. तिथं येणाऱ्या गरीब रुग्णांना दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेचा आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीचा मोठा आधार आहे. खास कर्करोगाच्या मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ साली मुंबईत सुरू झाली. बाहेरगावाहून आलेलं मूल आणि त्याचे आईवडील यांना ती उपचार चालू असेपर्यंत मोफत खोली देते, रांधायला जागा आणि शिधा देते. तिचं काम चेन्नईतही आहे. मात्र अशा ठिकाणी थेट जाऊन खोली मिळत नाही. दवाखान्यानं पाठवावं लागतं. म्हणून पहिलं दार कोणतं, ते नीट ऐका.

पहिलं दार: दवाखान्याचा समाजसेवा विभाग

मोठ्या सरकारी आणि विश्वस्त रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. मूल भरती झालं की पहिल्या दोन दिवसांतच त्यांना भेटा. पैसे संपल्यावर जाऊ नका. कोणती योजना लागू होईल, कोणता ट्रस्ट कोणत्या आजाराला मदत करतो, मुक्कामाची सोय कुठं आहे, हे त्यांना रोजच्या कामातून माहीत असतं. भाषेची अडचण असेल तर तमिळ वाचणारं माणूस बरोबर न्या. तुमची शाळेत जाणारी मोठी मुलगीही चालेल. न वाचता कुठंही सही करू नका.

यापुढं कोणत्या क्रमानं जायचं ते सांगतो.

एक, सरकारी रुग्णालय. एग्मोरची बालरुग्ण संस्था सौकारपेठेपासून फार लांब नाही. तिथं लहान मुलांच्या बहुतेक आजारांचे तज्ज्ञ आहेत. गर्दी असते, पण "सरकारी म्हणजे नको" असं म्हणून खासगीत जाण्याआधी एकदा तिथला सल्ला घ्या.

दोन, तामिळनाडू सरकारची मुख्यमंत्री आरोग्य विमा योजना. इथलं रेशनकार्ड आणि मर्यादेत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत मिळतात. परराज्यातून येऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या कामगारांसाठीही तरतूद आहे, त्याला दाखला लागतो. हा दाखला मूल आजारी पडल्यावर काढायला धावू नका, आताच चौकशी करा.

तीन, आयुष्मान भारत. ही केंद्राची योजना २०१८ पासून आहे. तुमचं नाव गावाकडच्या यादीत असेल आणि कार्ड काढलेलं असेल, तर ते देशभर यादीतल्या रुग्णालयांत चालतं. कार्ड गावच्या ट्रंकेत आणि मूल चेन्नईत, असं होऊ देऊ नका.

चार, महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. तिचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण तिचा उपयोग मुख्यतः महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत होतो. शिवाय महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या उत्पन्नातून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. हा नियम तामिळनाडूला लागू नाही. म्हणून आजार तातडीचा नसेल आणि उपचार लांबणारे असतील, तर डॉक्टरांना विचारून हिशोब करा: इथं राहणं स्वस्त, की पुणे-मुंबई-कोल्हापूर, जिथं आजी येऊन बसू शकते? हृदयाची किंवा कर्करोगाची गाठ तातडीची असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा. मूल जिथं आहे तिथंच उपचार.

पाच, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ पासून अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते. जन्मतः हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ यांसारखे दोष सापडले तर मुलाला पुढं पाठवून मोफत उपचार केले जातात. वय जन्मापासून १८ वर्षांपर्यंत.

सहा, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी. १९४८ पासूनचा हा निधी हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, कर्करोग अशा मोठ्या उपचारांना काही भाग देतो. खासदारांच्या कार्यालयात अर्जाची माहिती मिळते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सहायता निधीही आहे.

आणि सातवं दार खासगी ट्रस्टचं. ते वरच्या योजना वापरून उरलेला फरक भरतात. म्हणून "योजनेतून किती मिळालं" हे ते आधी विचारतात.

कागद आणि एक नियम

एका प्लॅस्टिकच्या फाइलीत हे ठेवा: दवाखान्याच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासह खर्चाचा अंदाज, डॉक्टरांचं आजाराबद्दलचं पत्र, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार, मुलाचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. कुठं अर्ज केला, कोणत्या तारखेला, कुणाला भेटलो, हे एका वहीत लिहा.

आता नियम. बहुतेक निधी आणि ट्रस्ट भरून टाकलेल्या बिलाला मदत देत नाहीत. अर्ज उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना करायचा असतो. "आत्ता उसने घेऊन भरू, नंतर ट्रस्टकडून घेऊ" हा विचार फसतो. आणि मदत तुमच्या हातात येत नाही, दवाखान्याच्या खात्यात जाते. त्यामुळे कुणी "मी मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणाला, तर तो फसवतोय. खऱ्या संस्था कमिशन घेत नाहीत.

गावी जाण्यायेण्याचंही पाहा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या रेल्वेप्रवासात स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हृदयशस्त्रक्रियेच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही सवलत आहे. दवाखान्याकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या आणि तिकीट काढताना दाखवा.

स्वतःच्या पैशाला हात लावायचा क्रम

तरीही घरचा पैसा लागणारच. तो कुठून काढायचा?

आधी बचत खातं आणि आणीबाणीची रक्कम. ती याचसाठी असते.

मग मुदत ठेव. ती मोडण्याआधी बँकेत तिच्यावर कर्ज मागा. त्याचं व्याज ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं. दोन-तीन महिन्यांची गरज असेल तर ठेव मोडण्यापेक्षा हे अनेकदा परवडतं.

मग पीपीएफ. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात त्यावर कर्ज मिळतं. पाच वर्षं झाली असतील तर जिवावरच्या आजारासाठी खातं मुदतीआधी बंदही करता येतं, व्याज एक टक्का कमी मिळतं. मुलीच्या नावचं सुकन्या समृद्धी खातंही तिच्याच जिवावरच्या आजारात मुदतीआधी बंद करता येतं.

मग सोनं. तुम्हाला सोन्याबद्दल मी काय सांगणार? तरी एवढं म्हणतो. विकण्याआधी बँकेत तारण ठेवायचा विचार करा, दागिना परत येतो. सावकाराचं "शेकडा दोन रुपये" ऐकायला लहान वाटतं, पण ते महिन्याचं असतं. वर्षाला चोवीस टक्के झाले.

सर्वांत शेवटी हातउसने आणि दुकानाचं भांडवल. गलाईचं सामान आणि फिरता पैसा संपला की मूल बरं होऊन घरी येईल, पण घरात कमाई नसेल. भांडवल मोडायची वेळ येण्याआधी वरची सातही दारं ठोठावली का, हे नवरा-बायकोनं एकमेकांना विचारा.

विम्याबद्दल दोन गोष्टी. कौटुंबिक आरोग्य विमा असेल तर नवजात बाळ त्यात कधीपासून धरलं जातं ते पाहा, कारण बऱ्याच पॉलिसींत ९० दिवसांनंतर धरतात. आणि काही पॉलिसींत दवाखान्यात राहिल्याच्या प्रत्येक दिवसाला ठरावीक रोख रक्कम मिळते. बुडालेल्या रोजासाठी हीच सोय उपयोगी पडते.

आता देण्याबद्दल

इथं बसलेल्या बहुतेकांच्या घरी आज मुलं खेळतायत. देव करो आणि तसंच राहो. म्हणून तुम्ही देणाऱ्याच्या बाजूला उभे आहात, आणि थोडक्यात बरंच होऊ शकतं.

आपल्या भिशीत समजा ४० घरं आहेत. प्रत्येकानं महिन्याला ५० रुपये वेगळे दिले तर महिन्याला २,०००, वर्षाला २४,००० रुपये. मघाच्या उदाहरणात लॉजचं भाडं किती होतं? बरोबर चोवीस हजार. एका चहाच्या खर्चात एका कुटुंबाचा ४० दिवसांचा निवारा होतो.

हा पैसा भिशीच्या पैशात मिसळू नका. बँकेत दोन सह्यांचं वेगळं खातं उघडा. कोणाला, किती, कशासाठी, हे आधीच लिहून ठरवा: आपल्यातल्या कुटुंबाचं मूल पाच दिवसांपेक्षा जास्त भरती असेल तर जेवण, भाडं आणि प्रवास यासाठी एवढी रक्कम, बिलासाठी नाही. दर महिन्याला हिशोब सर्वांसमोर वाचा. कुटुंबाचं नाव न वाचता फक्त रक्कम वाचली तरी चालेल, मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. आपसातली मदत आपसातच ठेवा. बाहेरच्या लोकांकडून देणगी मागायची असेल तर नोंदणीकृत ट्रस्ट लागतो.

बाहेरच्या संस्थेला द्यायचं असेल तर पावती घ्या. जुन्या कररचनेत विवरणपत्र भरत असाल तर ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेच्या देणगीवर वजावट मिळते. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, म्हणून चेकनं किंवा ऑनलाइन द्या. नव्या कररचनेत ही वजावट नाही. मोबाइलवर मुलाचा फोटो आणि एक क्यूआर कोड आला तर लगेच पैसे पाठवू नका. दवाखान्याला फोन करून त्या नावाचा रुग्ण आहे का आणि थेट दवाखान्याच्या खात्यात भरता येईल का, ते विचारा.

पैशाशिवायही देता येतं. मूल दवाखान्यात असलेल्या घरचा धाकटा भाऊ आठवडाभर तुमच्या मुलाबरोबर शाळेत जाऊ दे, जेवू दे. दोन रात्री तुम्ही बाळाजवळ बसा म्हणजे आई झोपेल. बापाचं दुकान दिवसातून चार तास कुणी उघडलं तर त्याचं गिऱ्हाईक टिकेल. हे कोणत्याही ट्रस्टच्या यादीत नाही आणि विम्यात बसत नाही. गावाकडं हे न मागता मिळायचं. इथं ठरवून करावं लागेल.

या रविवारी तीन कामं करा. घरातल्या सगळ्यांची आधार, रेशनकार्ड आणि आरोग्यकार्डं एका फाइलीत ठेवा, आणि आयुष्मान यादीत नाव आहे का ते तपासा. मुलांच्या नावावरच्या ठेवींची, पॉलिसींची आणि त्यांच्या तारखांची एक यादी करून बायकोला, नवऱ्याला दाखवा. आणि पुढच्या भिशीला येताना पन्नास रुपये वेगळ्या पाकिटात आणा. दोन सह्या कुणाच्या ठेवायच्या, ते तेव्हाच ठरवू.